उन्हाळी सहलींची छायाचित्रे : काढावी कशी, दाखवावी कशी, जपावी कशी

न्यासाच्या महोत्सवाची स्मरणिका निघत आहे; तीत आपल्या छायाचित्रण मंडळाविषयी आम्ही चार शब्द लिहावेत, अशी संपादक-मंडळाची इच्छा दिसली. आम्ही पेशाने शाळामास्तर. फोटोग्राफीचे रीतसर शिक्षण आम्ही घेतलेले नाही, आणि आमच्या एखाद्या चित्रास कोठे बक्षीस मिळाल्याचेही कोणाच्या ऐकिवात नसेल. परंतु मंडळाची टिपणवही गेली अकरा वर्षे आमच्याकडे आहे. सुटीनंतरच्या बैठकीत कोणी काय आणले, कोणाचे काय साधले आणि कोणाचे काय बिघडले, याची नोंद आम्हीच करीत आलो. तेवढ्या अधिकारावर हा लेख लिहीत आहोत.

ज्या कुटुंबांना मंडळाची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती प्रथम सांगतो. मे महिन्यात सभासद मुलाबाळांसह कोठे ना कोठे जातात. कोणी मांडवगडास, कोणी महेश्वरास, कोणी बाघच्या लेण्यांस, कोणी आजोळी पुण्या-साताऱ्याकडे. ज्यांची मुले परदेशी आहेत ते साता समुद्रापलीकडेही जातात. पाऊस पडून शाळा सुरू झाल्या म्हणजे एका रविवारी सर्वांनी आपापली चित्रे घेऊन यावयाचे. एका वर्षी ही बैठक धारेस, तर दुसऱ्या वर्षी देवासला. मध्ये इंदूर धरून दोन्ही गावांत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आहे. ज्यांना येणे जमत नाही ते जाणाऱ्याच्या हाती पाकीट देतात. नियम तीनच आहेत. प्रत्येकाने दहा चित्रे आणावीत, अधिक नाहीत. प्रत्येक चित्र कोठले, केव्हाचे आणि कोणाचे ते सांगावे. आणि काय साधले नाही तेही सांगावे. या तिसऱ्या नियमामुळे बैठकीत हशा पिकतो आणि शिकणेही त्यातूनच होते.

ही कल्पना नवी नव्हे

हौशी लोकांनी एकत्र जमून एकमेकांची छायाचित्रे पाहावीत ही प्रथा आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. 1839 साली पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्रणाची कृती जगापुढे आली. 1853 साली लंडनमध्ये छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे 1854 साली, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर 1856 साली निघाल्या. मुंबईच्या या सोसायटीत इंग्रज अधिकारी होते, तसेच आपले लोकही होते. प्राचीन लेखांचे संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची नावे तीत आढळतात. नारायण दाजी हे व्यवसायाने डॉक्टर, परंतु कॅमेऱ्यातही निष्णात होते. 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे नावाजलेले छायाचित्रकार त्याच वर्गातून तयार झाले. 1856 पासून हौशी मंडळींच्या चित्रांचा एक संग्रहही मुंबईत भागाभागाने निघू लागला.

त्या काळी एका चित्रासाठी काचेवर ओला लेप द्यावा लागे, आणि तो वाळण्यापूर्वी चित्र काढून धुवावे लागे. प्रवासास निघताना तंबू, बाटल्या आणि काचा बैलगाडीवर लादाव्या लागत. इतके करून एखादे चित्र निघाले तर ते एकट्याने पेटीत ठेवण्यात कोणास समाधान वाटेल? म्हणून मंडळी जमत, चित्र हातोहात फिरे, आणि कोणते रसायन कोणत्या हवेत बिघडते याची देवाणघेवाण होई. आपल्या बैठकीत आज रसायनांविषयी कोणी बोलत नाही. परंतु “तुम्ही हे कसे काढले?” हा प्रश्न तोच आहे.

माळव्याचा वाटा

या विषयात आपला माळवाही मागे नाही. राजा दीनदयाळ यांचा जन्म 1844 सालचा, मेरठजवळच्या सरधना येथला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते 1866 साली इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस आले. नकाशे काढणाऱ्या या तरुणाने कॅमेरा हाती घेतला तो याच मुक्कामात. मध्य भारताचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी ठिकठिकाणच्या प्राचीन वास्तूंची चित्रे घेतली, आणि त्या चित्रांचे पुस्तक 1886 साली प्रसिद्ध झाले. पुढे ते हैदराबादेस निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. भारतातील छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या पुरुषाने या कलेचे पहिले धडे आपल्यापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर गिरविले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

दीनदयाळांची आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. 1892 साली त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी एक वेगळी चित्रशाळा काढली. तेथे पुरुषास मज्जाव होता आणि चित्रे काढण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे होते. पडद्यातील स्त्रियांनाही आपली छबी असावी असे वाटते, हे त्यांनी ओळखले आणि त्यांचा संकोचही राखला.

हे लिहिताना आम्हांस आमच्या दादीची आठवण होते. आमच्या घरात मागच्या पिढीपर्यंत छबी काढून घेणे वडीलधाऱ्यांना पसंत नसे. भिंतीवर आयतीची चौकट असे, माणसाचे चित्र नसे. त्यामुळे लग्नात, ईदेला, आजोळी कोठेही दादीचा फोटो निघाला नाही. एकच निघाला. हजला जावयाचे तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टास फोटो हवा. धारेच्या बाजारातील एका स्टुडिओत ती पदर सावरून बसली आणि कॅमेऱ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, की जणू तो तिचा जबाब घेणार आहे. तिच्या चेहऱ्याची आज आमच्या मुलांना जी ओळख आहे ती तेवढ्या टिकलीएवढ्या चित्रावरून. ती हसत असे, फार हसत असे, हे मुलांना तोंडी सांगावे लागते. वडिलांच्या मतास आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. परंतु त्या चित्राकडे पाहताना, उन्हाळ्यात अंगणात पापड वाळविणाऱ्या दादीचे एखादे तरी चित्र असते तर, असे मनात येतेच.

मे महिन्याचे ऊन

आता प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी. बैठकीत दर वर्षी सर्वांत अधिक तक्रार येते ती अशी : “ठिकाण सुंदर होते, माणसे सुंदर होती, मग चेहरे काळे का आले?” याचे उत्तर भूगोलात आहे. कर्कवृत्त उज्जैनीच्या थोडे उत्तरेकडून जाते. धार, देवास आणि मांडू ही तिन्ही त्याच्या दक्षिणेस. म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. त्या दिवशी माध्यान्ही खांबाची सावली त्याच्या पायाशीच राहते. मे महिन्याच्या उत्तरार्धातही दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावरच असतो. प्रकाश वरून सरळ खाली पडला की कपाळ आणि नाक उजळते, परंतु डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग काळोखात जातो. कॅमेरा कितीही महाग असला तरी त्यास इलाज नाही.

इलाज घड्याळाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास उजाडते आणि सातच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी नवापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर तिरपे ऊन असते. ते चेहऱ्यावर पसरते आणि दगडावरचे कोरीव कामही उठून दिसते. मधल्या वेळात माणसांची चित्रे काढावयाची झाल्यास त्यांना कमानीच्या किंवा झाडाच्या सावलीत, परंतु कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे करावे.

जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी एक सोपा हिशेब असे. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र 16 या अंकावर ठेवावयाचे आणि झडपेचा वेग फिल्मच्या अंकाइतका धरावयाचा. म्हणजे फिल्म 100 अंकाची असेल तर सेकंदाचा शंभरावा, अथवा त्याच्या जवळचा सव्वाशेवा भाग. आमच्या वडिलांपाशी बडोद्यास बनलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. त्यात एका फिल्मवर बारा चित्रे निघत, आणि बारा चित्रांत संपूर्ण उन्हाळा बसवावा लागे. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी अब्बा दोनदा विचार करीत. आज फोनवर एका दुपारी चारशे चित्रे निघतात आणि विचार नंतरही होत नाही. मंडळाचा दहा चित्रांचा नियम अब्बांच्या त्या बारा चित्रांवरूनच आम्ही सुचविला होता.

मांडवगडची परीक्षा

आपल्या सभासदांची सर्वांत अधिक चित्रे मांडूची असतात, म्हणून तेथले दोन-तीन अनुभव नोंदवितो.

जहाज महाल ही सुमारे 120 मीटर लांबीची इमारत मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये उभी आहे. पाणी भरलेले असले म्हणजे ती तरंगल्यासारखी दिसते. मे महिन्यात पाणी आटते, आणि मग जहाज चिखलात रुतल्यासारखे दिसते. पुष्कळ जण निराश होऊन परततात. एका सभासदाने त्यातून युक्ती काढली. त्यांनी मे महिन्यात एका ठरावीक दगडावर उभे राहून चित्र घेतले, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच दगडावरून घेतले. दोन्ही चित्रे शेजारी ठेविली तेव्हा सभागृह स्तब्ध झाले. 1617 साली जहांगीर बादशहा मांडूस मुक्कामाला होता आणि तेथील पावसाळ्यावर लुब्ध होऊन त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेविले. ते वाचून जे समजत नाही ते त्या दोन चित्रांनी मुलांना समजले.

रूपमतीच्या छत्रीवरून निमाडचे मैदान आणि दूरवर नर्मदेची रेघ दिसते, असे आपण ऐकतो. उन्हाळ्यात हवेत धूळ आणि धूसरपणा असतो, म्हणून ती रेघ बहुधा दिसत नाही, चित्रात तर नाहीच. पहिला जोरदार पाऊस पडून हवा धुतली गेली की दिसते. तेथे उन्हाळ्यात गेल्यास नदीचा हट्ट सोडून छत्रीच्या कमानी आणि त्यांतून दिसणारी मुले टिपावीत.

तिसरी अडचण होशंगशहाच्या कबरीची. ही वास्तू पांढऱ्या संगमरवराची आहे. कॅमेरा, मग तो जुना असो वा फोनमधला, समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून प्रकाश मोजतो. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र घुमटाचे चित्र राखाडी येते. अशा वेळी प्रकाश मुद्दाम थोडा वाढवावा. फोनवर घुमटास बोट लावून उजेडाची खूण वर सरकवावी. आत मात्र उलट स्थिती. दगडी जाळ्यांतून मंद उजेड येतो. तेथे हात स्थिर ठेवण्यास भिंतीचा आधार घ्यावा आणि श्वास रोखून चित्र काढावे. झगझगीत दिवा पाडला तर जाळीतून आलेला तो उजेड, ज्यासाठी आपण आत गेलो, तोच नाहीसा होतो.

नाव, तारीख आणि कारण

याच कबरीच्या दारावर 1659 सालचा एक लेख कोरलेला आहे. शहाजहानच्या पदरचे चार वास्तुविशारद ही इमारत पाहण्यास आले होते, असे त्यात नमूद आहे. त्यांत उस्ताद हमीद हे नाव आहे. कोण आले, केव्हा आले आणि कशासाठी आले, तिन्ही गोष्टी त्यात आहेत. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की, ही भेटीची उत्तम नोंद होय. (दगडावर आपण काही कोरू नये, हेही लगेच सांगावे लागते!)

आपली चित्रे मात्र मुकी राहतात. मागील वर्षी एका दिवंगत सभासदाच्या घरून चित्रांची एक पेटी मंडळाकडे आली. दोनशेहून अधिक चित्रे होती. देवासची टेकडी, घाट, बैलगाड्या, पंगती, ओळीने उभी मुले. पाठीमागे एकावरही अक्षर नव्हते. आम्ही चार वृद्ध सभासदांना बोलावून दोन रविवार बसविले. तीस-पस्तीस माणसे ओळखली गेली. बाकीची कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ एवढेच म्हणावे लागले. तेव्हा मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे आणि साल लिहावे. बॉलपेन दाबून लिहिल्यास अक्षरांचा वळ पुढच्या बाजूस उठतो.

ज्यांचे चित्र, त्यांचा हक्क

आता एक गोष्ट सांगणे आम्हांस जड जाते, परंतु तिसऱ्या नियमाप्रमाणे ती सांगितली पाहिजे.

मांडूस खुरासानी इमलीची, म्हणजे गोरखचिंचेची, प्रचंड बुंध्याची झाडे आहेत. तेथे तिची फळे विकणारी एक भिल्ल म्हातारी बसत असे. एका उन्हाळ्यात आम्ही तिचे चित्र घेतले. सकाळचे ऊन होते, हातात फळ होते, आणि ती आमच्या मुलाकडे पाहून हसत होती. आजपर्यंत आम्ही काढलेल्या चित्रांत ते सर्वांत चांगले. बैठकीत सर्वांनी वाखाणले. म्हातारीने एवढेच विचारले होते, “माटसाब, म्हारो फोटू लाओगा नी?” आम्ही हो म्हटले. पुढच्या वर्षी आम्ही मांडूस गेलो, परंतु प्रत काढून नेण्याचे राहिले. तिने पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा हो म्हटले. तिसऱ्या वर्षी प्रत चौकटीत घालून नेली, तेव्हा तिच्या जागी तिचा मुलगा बसला होता. ती थंडीत वारली होती. त्याने चौकट घेतली, बराच वेळ पाहिली, आणि फळाचे पैसे घेण्यास नकार दिला. घरात आईचे दुसरे चित्र नाही, असे तो म्हणाला.

आमच्या दादीचे चित्र घरात नाही याची हळहळ करणारे आम्ही, आणि दुसऱ्याच्या आईचे चित्र दोन वर्षे आमच्या फोनमध्ये पडून होते! छायाचित्र काढणे म्हणजे एका अर्थी उसने घेणे होय. त्या दिवसापासून आम्ही मंडळात सुचविले, आणि ते मान्य झाले, की अनोळखी माणसाचे चित्र काढण्यापूर्वी विचारावे. नाही म्हटल्यास आनंदाने मान्य करावे. आणि प्रत देण्याचे कबूल केल्यास ती पोहोचल्याशिवाय ते चित्र बैठकीत दाखवू नये. स्त्रियांची आणि मुलींची चित्रे तर त्यांच्या संमतीवाचून कोणाच्याही फोनवर पुढे पाठवू नयेत. दीनदयाळांनी 1892 साली जो संकोच राखला तो आपणही राखण्यास हरकत नसावी.

जपणूक

शेवटी जपण्याविषयी. चिकट पानांचे आणि स्वस्त प्लॅस्टिकचे अल्बम चित्रांना घातक असतात. पाने पिवळी पडतात आणि चित्र सोडवू गेल्यास फाटते. कागदी कोपऱ्यांचे जुने अल्बम बरे. निगेटिव्ह फेकू नयेत. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते, म्हणून त्या कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवाव्यात. रंगीत चित्रे उजेडात विटतात. कृष्णधवल चित्रे नीट धुतलेली असल्यास पुष्कळ टिकतात.

फोनमधील चित्रांना आपण अमर समजतो, हा भ्रम आहे. अब्बांच्या शेवटच्या उन्हाळ्याची चित्रे आमच्या एका फोनमध्ये होती. तो पावसात भिजून बंद पडला आणि चित्रे गेली. त्यांतली सहा तेवढी राहिली, कारण ती आम्ही देवासच्या एका सभासदास बैठकीसाठी आधीच पाठविली होती. दुसऱ्याला दिले ते उरले, स्वतःपाशी ठेविले ते गेले. म्हणून प्रत्येक चित्राच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, आणि वर्षातून दहा तरी कागदावर छापून घ्याव्यात. व्हॉट्सॲपवरून साधे पाठविलेले चित्र आक्रसते आणि त्यातील तारखेची नोंदही गळते. मूळ चित्र हवे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

सभासद-कुटुंबांस आमची विनंती एवढीच. या पावसाळ्यातील बैठक देवासला भरावयाची आहे. नवी दहा चित्रे आणा, परंतु त्यांच्याबरोबर घरातील एक जुने चित्रही आणा, आणि जे त्यातील माणसे ओळखतात त्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही आणा. टिपणवही आणि मऊ पेन्सिल आम्ही घेऊन येऊ.